तिसरा कंस

माणसं कंस उघडतात आणि बंद करायला विसरतात, या एका गोष्टीशी माझं पंचवीस वर्षांचं वैर आहे. पुस्तकांची पानं संगणकावर जुळवून देणं हे माझं काम. यंत्राला हुकूम द्यावे लागतात: इथे ठळक अक्षर, इथे चौकट, इथे तळटीप. नेहमी लागणारे हुकूम मी एकत्र बांधते आणि त्या गाठोड्याला एक सोपं नाव देते. लेखकाने ते नाव लिहायचं, पुढे कंसात आपला मजकूर घालायचा, बाकीचं यंत्र बघून घेतं. एवढंच. पण लेखक कंस बंद करत नाहीत, मग पुढची चाळीस पानं ठळक होऊन येतात, आणि लेखकमहाशय मलाच फोन करून विचारतात की तुमच्या यंत्राला झालंय तरी काय.

म्हणून सर जेव्हा घरी आले तेव्हाच मी नाही म्हणायला हवं होतं.

सर पापडीच्या बाजूच्या एका वाडीतले. शाळेतून निवृत्त होऊन वीस-बावीस वर्षं झालेली. माझ्या मुलीला त्यांनी भूगोल शिकवला होता, तेवढीच ओळख. एका सकाळी राजेळी केळ्यांची फणी आणि नऊ वह्या घेऊन ते आमच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत चढून आले. लिफ्ट बंद होती. दम खात बसले, पाणी प्याले, आणि वह्या माझ्यापुढे सरकवल्या. त्यांच्या वाडीत सात घराणी आहेत. त्या सातही घराण्यांची वंशावळ, पणजोबा-खापरपणजोबांपासून आज पाळण्यात असलेल्या पोरांपर्यंत, त्यांनी हाताने लिहून काढली होती. तिचं पुस्तक करायचं होतं.

हे सगळं सांगितलं कोणी, तर त्यांच्या मोठ्या बहिणीने. ती वाडीतच दिलेली, आता नव्वदीच्या पुढे, अंथरुणाला खिळलेली. शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, पण कोण कुणाचा कोण, हे तिला विचारायचं. चर्चच्या दप्तरात नसलेली नावंही तिच्याकडे होती. दर वर्षी मे महिन्यात वाडीच्या क्रुसाचा सण असतो. त्या दिवशी पुस्तक तिच्या हातात द्यायचं, एवढीच सरांची इच्छा होती.

"पुढच्या सणाचं मी धरून चालत नाही, ताई," ते म्हणाले. "या सणाला झालं पाहिजे."

मी हो म्हणाले. फुकट करते असंही म्हणाले. माझा स्वभाव हा असा आहे.

नऊ वह्या मी एकटीने आठवड्यात टाइप केल्या असत्या. पण वाडीची रीत वेगळी. सणाचा मांडव असो की जेवण, काम सात घरांत वाटायचं, आणि एका घराच्या वाट्यात दुसऱ्याने हात घालायचा नाही. पुस्तकाचंही तसंच ठरलं. प्रत्येक घराने आपली माणसं आपण टाइप करायची. म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की आमच्या आजोबांचं नाव अमक्याने चुकवलं. मला हे ऐकून कौतुक वाटलं होतं, ते कौतुक मी पुढे सव्याज फेडलं.

मी बेत केला तो असा. ओळीला एक माणूस. माणसाला तीन महिरपी कंस. पहिल्यात नाव, दुसऱ्यात जन्माचं साल, तिसऱ्यात मृत्यूचं साल. माणूस हयात असेल तर तिसरा कंस रिकामा ठेवायचा, पण ठेवायचा. यंत्र कंस मोजत जातं, तीन झाले की पुढचा माणूस धरतं. तिसऱ्या कंसात काही सापडलं की नावाआधी बारीकसा क्रूस छापतं. मी इंटरनेटवर एक पान तयार करून दिलं. तिथे मजकूर चिकटवायचा आणि खालचं बटण दाबायचं. चूक असेल तर लाल अक्षरांत ओळीचा क्रमांक आणि चूक. काहीच चूक नसेल तर पान छापल्यासारखं दिसायचं आणि त्याखाली हिरव्या अक्षरांत यायचं: शाब्बास. एकही चूक नाही. तुमच्या घराचं काम पूर्ण झालं. त्या दिवशी मला जरा हुरूप आला होता. सरांना ते शाब्बास फार आवडलं. शिक्षकालाच आवडायचं.

पहिल्या आठवड्यात एकालाही शाब्बास मिळाली नाही. महिरपी कंस फोनच्या कळफलकावर कुठे आत दडलेला असतो, म्हणून तीन घरांनी साधे गोल कंस घातले. एकीने बोलून टाइप केलं, तर तिच्या मजकुरात दर माणसामागे अक्षरशः "कंस सुरू" आणि "कंस संपला" असे शब्द उमटले होते. एका काकांनी सगळं कागदावर सुवाच्य अक्षरात लिहून, महिरपी कंस लाल शाईने काढून, त्याचा फोटो पाठवला. काही ठिकाणी तिसऱ्या कंसात सालाबरोबर "प्रभू त्यांच्या आत्म्यास चिरशांती देवो" आणि दोन फुलं आली होती. सालापुढे फुलं छापायची कशी, हे यंत्राला विचारायची मला लाज वाटली.

हे सगळं मी ओळखून होते. असल्या चुका मी पंचवीस वर्षं गिळत आले आहे. डोकं फिरलं ते तिसऱ्या कंसाने.

मेलेल्या माणसांचे तीन कंस अगदी नीट यायचे. हयात माणूस आला की दोनच. सातही घरांत तेच. यंत्र बिचारं तीन मोजणार, म्हणून ते खालच्या माणसाचं नाव उचलून वरच्याच्या मरणाच्या जागी बसवायचं. वरच्याला क्रूस लागायचा. मग खालच्या माणसाचं जन्मसाल त्याचं नाव व्हायचं, आणि तिथून पुढे घरातल्या सगळ्यांचं गणगोत बिघडायचं. एका घराचं पान असं आलं की त्यात धडधाकट माणसांना ओळीने क्रूस लागले होते आणि जो माझ्या माहितीप्रमाणे खरोखर गेला होता तो तेवढा जिवंत होता.

मी सूचनांचा कागद पुन्हा पाठवला. तिसऱ्या कंसाखाली दोन रेघा मारल्या. यंत्रालाही शिकवलं की ओळीत दोनच कंस दिसले तर पुढे जाऊ नको, सांग. पहिलं वाक्य मी फार गोड लिहिलं होतं: कृपया तिसरा कंस घालावा, रिकामा असला तरी चालेल. दोन दिवसांनी कृपया काढलं. आणखी दोन दिवसांनी लिहिलं: तिसरा कंस कुठे आहे? माणसाला राग आला की तो बोलून मोकळा होतो. माझा राग यंत्रातून सात घरांच्या फोनवर जात होता, आणि तोही दर वेळी बटण दाबल्यावर.

मग तिसरा कंस यायला लागला, पण रिकामा एकही नाही. कुणी आडवी रेघ घातली. कुणी "हयात". कुणी "देवाची कृपा". एका आत्याबाईंनी आपल्या भावापुढे "ठणठणीत" असं लिहिलं. तिसऱ्यात काही असलं की क्रूस छापायचा, एवढंच यंत्राला ठाऊक. म्हणून त्या भावाच्या नावाआधी क्रूस आणि शेवटी ठणठणीत. मी कपाळावर हात मारून घेतला. रिकामा म्हणजे रिकामा, यात न कळण्यासारखं काय आहे? शिकलेली माणसं, कोणी बँकेत, कोणी नर्स, आणि एक रिकामी जागा रिकामी ठेवता येत नाही.

तेव्हा मी कडक झाले. तिसऱ्या कंसात आकड्यांशिवाय काही चालणार नाही, असं केलं. यंत्र म्हणू लागलं: मृत्यूचं साल फक्त आकड्यांत लिहा. यावर एका बाईंनी नवऱ्यापुढे खरोखरच साल लिहून टाकलं. मी हिशोब केला. त्या साली नवरा एकशे वीस वर्षांचा होणार होता. यंत्राने निमूटपणे शाब्बास दिली.

मी सरांना फोन करून भांडले. ते प्रत्येक घरी जाऊन बसले, समजूत घातली, आणि एकेक करून सहा घरांची पानं सुटली. हयात माणसांपुढे रिकामे कंस आले. एकशे वीस वर्षांचा नवराही वेळेवर दुरुस्त झाला. उरलं सातवं घर. ते नेमकं सरांच्या बहिणीचं.

तिथे टाइप करत होती ती बहिणीची धाकटी सून. नवरा बोटीवर, मुलं शाळेत, सासू खाटेवर, असं तिचं घर. तिचं काम सातही घरांत सगळ्यात स्वच्छ होतं. एकशे बारा माणसं, एकाही नावात खोट नाही. पण चौदाव्या ओळीला दोनच कंस. रोज दुपारी ती मजकूर पाठवायची आणि रोज यंत्र तिला तेच सांगायचं. कोण किती वाजता काय पाठवतं याची नोंद माझ्याकडे राहते, त्यामुळे मला घरबसल्या दिसायचं. ओळ चौदा. ओळ चौदा. ओळ चौदा. इतर हयात माणसांचे रिकामे कंस तिने नंतर मुकाट्याने घातले होते, चौदाव्या ओळीचा मात्र नाही. मी फोन केला की "बघते, ताई," म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

बारा दिवस असे गेले. कामणच्या रस्त्याला एका गोदामात छापखाना आहे, तो मालक रोज विचारत होता. मला ती ओळ स्वतः दुरुस्त करता आली नसती का? एका क्षणात. पण दुसऱ्या घराच्या वाट्यात हात घालायचा नाही, हे वाडीचं ठरलेलं होतं. आणि खरं सांगायचं तर मी हट्टाला पेटले होते. पंचवीस वर्षांत कोणी तरी एकदा तो कंस माझ्या सांगण्यावरून घालावा, असं मला झालं होतं. मी तिच्यासाठी म्हणून यंत्रातलं वाक्य पुन्हा बदललं, जरा भारदस्त केलं, सरकारी कागदावर असतं तसं. कदाचित तसं वाचून ऐकेल.

तेही चाललं नाही, तेव्हा मी स्कूटर काढली. वाटेत होळी नावाच्या भागातल्या बाजारात भाजी घेतली आणि तशीच वाडीत गेले. पिशवीत वही-पेन होतं. कंस म्हणजे काय हे तिला पहिलीच्या पोराला शिकवतात तसं काढून दाखवणार होते.

पुढच्याच खोलीत खिडकीला लावून म्हातारीची खाट होती. डोळे बारीक झालेले, पण कान शाबूत. सुनेला तिने त्यांच्या बोलीत काहीतरी विचारलं. मला अर्धं कळलं: पुस्तकवाली हीच का. मी जवळ गेले तर माझा हात धरला, आणि सोडलाच नाही. पुस्तक सणाला येणार ना, असं तिचं विचारणं. मी हो म्हणाले. सून चहा टाकते म्हणून आत गेली, तशी मीही हात सोडवून मागे गेले.

स्वयंपाकघरात तिने दार लोटून घेतलं. माझी वही पाहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "मला कळत नाही असं नाही, ताई. मी बी.कॉम. आहे. रिकामा कंस घातला की काम झालं, मला माहीत आहे."

मग घालत का नाहीस, असं मी विचारलं. आवाज चढलेला होता, तो मलाच ऐकू आला.

"मी त्यांच्या खाटेशी बसून टाइप करते. सगळी नावं त्यांनीच सांगितलेली, म्हणून त्यांना वाचून दाखवावी लागतात. चौदाव्या ओळीला त्या स्वतः आल्या. मी नाव वाचलं, साल वाचलं. त्या म्हणाल्या, पुढे काय?" तिने चहात साखर टाकली. "पुढे तुमचा कंस. उघडून ठेवलेला. मी त्यांना काय सांगायचं, ही तुमची जागा?"

चहा उतू जायला आला होता. तिने गॅस बारीक केला. मग सांगितलं की त्यांच्याकडे घरात कोणी आजारी असलं तर शवपेटीचं नाव काढत नाहीत, माप घेणं तर लांबच. इतरांचे रिकामे कंस घातले तेव्हाही तिचा हात अडखळला होता, पण ती माणसं चालती-फिरती होती. सासूबाईंचा कंस तिच्याच्याने घालवेना. वाडीत सगळ्यांचंच तसं. कुणी रेघ मारली, कुणी देवाची कृपा लिहिली, ते काही न कळून नव्हे. जिवंत माणसापुढे मरणाची जागा उघडी दिसली म्हणून जो तो ती भरून काढत होता. सरांनाही हे माहीत होतं. फोनवर माझा चढलेला आवाज ऐकून ते बोलले नाहीत आणि घरोघर जाऊन लोकांना गप्प करून आले.

शेवटी तिने फोन माझ्यापुढे धरला. लाल अक्षरं होती, मी नुकतीच भारदस्त केलेली: ओळ १४. मृत्यूची नोंद अपूर्ण आहे. पूर्ण करून पुन्हा पाठवावी.

"हे रोज येतं," ती म्हणाली. "परवा त्यांनी विचारलं, काय म्हणतंय ते. मी सांगितलं, नेट नाही."

मी चहा न पिताच निघाले. म्हातारीने खाटेवरून हात हलवला. स्कूटरवर मला स्वतःचीच इतकी चीड आली होती की मी पापडीचं वळण चुकले. पंचवीस वर्षं मी लोकांच्या चुका मोजल्या. सात घरांनी, न ठरवता, एकच चूक केली, तेव्हा तरी मला वाटायला हवं होतं की चूक भलतीकडे आहे.

घरी येऊन दुरुस्ती केली. अर्धा तासही लागला नाही. हयात माणसाला दोन कंस, गेलेल्याला तीन. ओळ संपली की माणूस संपला, मोजायचं काही नाही. हे पहिल्याच दिवशी करता आलं असतं. लाल वाक्यं सगळी पुसून नव्याने लिहिली, एकात मरणाचा शब्द येऊ दिला नाही. त्याच संध्याकाळी चौदावी ओळ, दोन कंसांसकट, सुटली. रिकामे कंस इतर घरांनीही भराभर काढून टाकले.

पण बारा दिवस गेले होते. छापखान्याने आमचा नंबर कुणाच्या तरी शाळेच्या वह्यांना दिला होता. मी गोदामात जाऊन मालकाशी वाद घातला. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. आता पुस्तक सणाच्या आदल्या दिवशी मिळेल, त्याआधी नाही, असं त्याने सांगितलं. छपाईला द्यायच्या शेवटच्या दिवसापर्यंत मी घरांसाठी पान उघडं ठेवलं, कुणाला काही सुधारायचं असलं तर.

सण आठ दिवसांवर असताना सकाळीच सरांचा फोन आला. बहीण पहाटे गेली. चर्चमध्ये अंत्यविधीची मिस्सा दुसऱ्या दिवशी चारला. आवाज वर्गात हजेरी घेताना असेल तसा सरळ होता. बारा दिवस, एवढंच डोक्यात. ते बारा दिवस मी खाल्ले नसते तर पुस्तक तोवर आलेलं असतं. मी तसं म्हणाले.

"तिला तुमचं येणं आठवत होतं," ते म्हणाले. मग म्हणाले, "तिची ओळ तिच्या घरातूनच बदलेल. तुम्ही हात लावू नका."

मी मिस्साला गेले, मागे उभी राहिले, मातीला गेले. सून दिसली, बोलणं झालं नाही. छपाईला द्यायचा शेवटचा दिवस त्यानंतर दोन दिवसांनी होता. त्या दिवशी दुपारी मी नोंद उघडली. सातव्या घराचा मजकूर आदल्या दिवशीच आलेला होता, तिच्या नेहमीच्या वेळेला. एकशे बारा माणसांत बदल एकच. चौदावी ओळ. तीन कंस, तिन्ही महिरपी, तिन्ही नीट बंद केलेले. तिसऱ्यात साल, फक्त आकड्यांत, मागेपुढे काही नाही. माझ्या सूचनांच्या कागदावर जसं दाखवलं होतं अगदी तसं.

मी सवयीने चूक शोधत राहिले. चूक नव्हती. आणि मग मला आठवलं, की लाल वाक्यं मी सगळी बदलली होती, पण चूक नसल्यावर काय उमटतं, ते वाक्य बघायचं राहून गेलं होतं. दफनाच्या दुसऱ्या दिवशी, त्या रिकाम्या खाटेशेजारी बसून तिने बटण दाबलं असणार, आणि तिच्या फोनवर मी हौसेने लिहिलेलं ते हिरव्या अक्षरांत आलं असणार: शाब्बास. एकही चूक नाही. तुमच्या घराचं काम पूर्ण झालं.